पालथा हात

भुऱ्या कुत्रा पहाटेपासून मधल्या खोलीच्या बंद दारापुढे बसला होता आणि काही केल्या उठत नव्हता. शकुबाईंनी त्याला हाड केलं, भाकरीचा तुकडा अंगणात भिरकावून पाहिला, शेवटी केरसुणी उगारली. भुऱ्यानं तिन्हींना सारखाच मान दिला, म्हणजे कशालाच दिला नाही. दाराच्या फटीला नाक लावून तो आतलं काहीतरी ऐकत होता.

"अवो, इकडे या जरा," शकुबाईंनी मागच्या दारातून नवऱ्याला हाक दिली. "खोलीत काईतरी शिरलं हाये."

नत्थूजी सांदवाडीत वालाच्या वेलाला काडी लावत होते. घरामागच्या भाजीच्या तुकड्याला इकडे सांदवाडी म्हणतात. नत्थूजींची सांदवाडी चार खाटांएवढी, पण वाल, वांगी, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर, कोपऱ्यात एक पपई, असा सगळा संसार तिच्यात होता. कापसाच्या जिनिंगमधली चौकीदारी सुटल्यापासून ते माणसांशी कमी आणि झाडांशी जास्त बोलत. हात धोतराला पुसत ते आले, दाराला कान लावला आणि आतली बारीक चिवचिव ऐकून म्हणाले, "मांजर हाये. पिल्लं घेऊन आली. चवथं घर झालं हे."

डोळे उघडेपर्यंत मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे बोरगाव मेघ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नत्थूजी तर या खेपेला मोजतच होते. व्याली ती कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या ढिगात. तिथून गेली शेजारच्या आनंदाबाईच्या गुरांच्या कुटाराच्या कोठ्यात, मग न्हाणीमागच्या फुटक्या रांजणात. आता इथं. छपरावरचं कवेलू सरकलं होतं, तिथून एकेक पिल्लू तोंडात धरून उतरली असणार.

"सारं गाव पडलं होतं तिले," शकुबाई म्हणाल्या. "आजच सुचलं. अन् हेच खोली भेटली."

त्या खोलीचं दार चौदा महिन्यांत कुणी उघडलं नव्हतं. ती नलूच्या बाळंतपणाची खोली होती.

नलू त्यांची एकुलती लेक. जाम गावात दिलेली. सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर बाळंतपणासाठी आली आणि बाळंत होऊन बाराव्या दिवसाच्या आत गेली. मागं पोर राहिली, ती जामच्यांनी नेली. वर्षश्राद्ध झालं, आणि मार्गशीर्षात जावयाचं, प्रभाकररावांचं, दुसरं लग्न लागलं. त्यात गैर काही नव्हतं. वर्षाची पोर घरात, तिला बघायला कुणी नको का. शकुबाई लग्नाला गेल्या नाहीत, ड्युटीचं निमित्त सांगितलं. पण लग्न चुकवता येतं, रीत चुकवता येत नाही. दुसरेपणाची बायको पहिलीच्या माहेरी येते. मेलेल्या लेकीची आई तिची ओटी भरते, ही माझी लेक म्हणते, आणि मग तिला ते माहेर लागतं. ओटी भरली नाही तर दोन्ही घरांचं नातं तिथंच संपलं.

संक्रांत झाल्यावर व्याह्यांचं, लक्ष्मणरावांचं, पोस्टकार्ड आलं होतं. सोमवारी प्रभाकर सुनेला घेऊन येईल, बेबी सोबत असेल, ओटी भरून घ्यावी. मनात नसल्यास तसं मोकळेपणी सांगावं, म्हणजे लेकराला पुन्हा हेलपाटा नको. ही शेवटची ओळ नत्थूजींनी दोनदा वाचून दाखवली होती. बेबी म्हणजे नलूची पोर. शकुबाईंनी नातीला चौदा महिन्यांत तीनदा पाहिलं होतं. ओटी भरली तर ती सणावाराला या घरी येत राहणार. नाही भरली तर जाम कुठं आणि बोरगाव कुठं. हिशेब सरळ होता. पण परक्या पोरीला लेक म्हणायचं तर तो शब्द आतून कुठूनतरी यावा लागतो, आणि शकुबाईंच्या आत कुठं काही हलतच नव्हतं.

"मंग काय करशीन?" नत्थूजींनी आज चौथ्यांदा विचारलं.

"आल्यावर पाहू."

"आले म्हनून समज. नऊ वाजून राह्यले."

"मले काईच वाटत नाई," शकुबाई म्हणाल्या. "चांगलं नाई वाटत, वाईट नाई वाटत. तुमाले काय सांगू?"

हे खरं होतं, आणि नत्थूजींना ते ठाऊक होतं.

शकुबाई वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होत्या. सव्वीस वर्षं. हजारो पोरं त्यांच्या हातून धुतली-पुसली गेली असतील. ताप बघायला त्यांना काचेची नळी लागत नसे. पालथा हात आधी कपाळाला, मग मानेला लावला की झालं. डॉक्टरीणबाईसुद्धा विचारायच्या, "शकुबाई, हात काय म्हणतो?" आणि बाळंतिणीचा ताप घरी दाबून ठेवून उशिरा येणाऱ्या बायांना शकुबाई फाडून खात. काय वाट पाहून राह्यल्या होत्या, मुहूर्त काढत होत्या काय, असं सगळ्या वॉर्डासमोर बोलत.

त्याच शकुबाईंनी स्वतःच्या घरी वाट पाहिली. नवव्या दिवशी नलूचं अंग तापलं. त्यांनी पालथा हात लावला. हातानं खरं काय ते सांगितलं होतं. पण बाराव्या दिवसाचं बारसं ठरलेलं, जामची वीस माणसं यायची, आढ्याला पाळण्याची दोरी बांधून झालेली. ओली बाळंतीण बाराव्याच्या आत उंबऱ्याबाहेर काढली तर लेकराला बाधतं, असं सगळे म्हणायचे. शकुबाई दवाखान्यात या म्हणण्याला हसायच्या आणि घरी त्यांनी ते ऐकलं. दुधाचा ताप आहे म्हणाल्या. शेगडी लावली, ओव्याची धुरी दिली. "दोन दिवसाची गोठ हाये, नलू. बारसं होऊ दे, मंग नेतो तुले." नलू म्हणाली, "हो माय." अकराव्या दिवशी दुपारी तिला बैलबंडीत घातलं, तेव्हा तिला आईसुद्धा ओळखू येत नव्हती. दवाखान्याच्या फाटकापर्यंतही ती पोचली नाही. बारसं झालंच नाही. पोरीचं नाव ठेवायचं राहून गेलं, म्हणून ती नुसती बेबी.

तेरवी उरकून चौदाव्या दिवशी शकुबाई ड्युटीवर हजर झाल्या. रडल्या नाहीत. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, दगडाचं काळीज बाई. म्हणणाऱ्याचं तोंड कुणी धरावं. तसं नव्हतं. पायाला मुंग्या येऊन पाय बधिर झाला की चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्यांचं सगळ्याच अंगाचं झालं होतं. त्या जेवत, निजत, शेंगा तोडत, आनंदाबाईशी मोरीच्या पाण्यावरून भांडतसुद्धा. फक्त पालथा हात कुणाला लावत नसत. वॉर्डात आता त्याही काचेची नळी लावायच्या, आणि डॉक्टरीणबाईंनी हाताचं विचारणं सोडून दिलं होतं.

"उघडू का?" नत्थूजींनी कडीला हात घातला.

"उघडा. नाईतं कुत्रा दार खाईन."

कडी गंजली होती, दोन ठोशांनी निघाली. आत नलूची बाज होती. बाजेवर शकुबाईंनीच तेव्हा घडी करून ठेवलेली गोधडी. वर आढ्याला दोरी तशीच लोंबत होती. आणि गोधडीच्या घडीवर पांढरी मांजर चार पिल्लांना घेऊन पडली होती. ही मांजर नलूनंच आणलेली. नवव्या महिन्यात ओटीत घालून कुठूनतरी घेऊन आली, आणि स्वतःच्या ताटातला दूधभात तिला चारायची. भुऱ्या आत शिरला. भुंकला नाही, काही नाही. मांजर एकदा फिसकारली, तो बाजेखाली जाऊन पाय पसरून पडला. नलू असताना त्याची जागा तीच होती.

"राहू द्या तसंच," शकुबाई दारातूनच म्हणाल्या. "पिल्लाले हात नका लावजा. मानसाचा वास लागला का माय टाकून देते."

"मी कायले लावू," नत्थूजी म्हणाले आणि वालाकडे गेले.

दहाच्या सुमाराला पाहुणे आले. प्रभाकरराव पुढे, हातात पिशवी, मान खाली. त्यांच्यामागे नवी बायको, शोभा. समुद्रपूरकडच्या शेतकऱ्याची पोर. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत, नव्या लुगड्यात अवघडलेली. कडेवर बेबी होती. शोभा पाया पडायला वाकली तेव्हा तिच्या गळ्यातला चांदीचा टाक पुढे लोंबला. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. नखाएवढं पान, त्यावर उभ्या बाईचा आकार. सोनारानं नाक-डोळे काढण्याची तसदी घेतली नव्हती. शकुबाईंनी तो टाक पाहिला आणि शोभाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बस बाई. पाय धुऊन घे."

बेबीला घ्यायला त्यांनी हात पुढे केले. बेबीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, ओठ काढला आणि शोभाच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली.

"लोक नवे दिसले का रडते, आई," शोभा म्हणाली. "घंटाभरानं येईन पाहा तुमच्यापाशी."

आई. ओटी भरायच्या आधीच आई. शकुबाईंना राग यायला हवा होता, पण तोही आला नाही. पोरीच्या मानेवर घामोळ्याचे जुने डाग आहेत आणि नखं नीट कापलेली आहेत, एवढंच त्यांनी पाहून ठेवलं.

चहा झाला. पाटावर ओटीचं ताट कालपासून तयार होतं. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू, एक हिरवं लुगडं. शकुबाईंनी ते दोनदा उचललं आणि दोनदा ठेवलं. आधी पोर निजू दे म्हणाल्या. मग आधी जेवणं होऊ दे म्हणाल्या. जेवणं झाली. प्रभाकरराव सांदवाडीत नत्थूजींजवळ जाऊन उभे राहिले, टमाटराला कोणतं खत घातलं ते विचारलं, आणि उत्तर न ऐकता परत आले.

"मामीजी, तीनची बस हाये," ते म्हणाले. "तुमच्या मनात नसन तं राहू द्या. मी बाबांना सांगतो समजावून."

"मनात काऊन नसन," शकुबाई म्हणाल्या आणि भांडी घासायला बसल्या.

घरात एवढी माणसं आलेली मांजरीला रुचली नव्हती. दुपारच्या जेवणावेळीच तिनं बिऱ्हाड हलवायला घेतलं. एक पिल्लू तोंडात धरून ती सगळ्यांच्या समोरून अंगणात आली आणि पपईच्या आडानं गेली. मग दुसरं, मग तिसरं. चौथ्यासाठी मात्र आली नाही. दोन वाजत आले तरी आली नाही. ते सगळ्यांत मरतुकडं पिल्लू, माय दिसेना म्हणून सरकत सरकत बाजेवरून खाली पडलं होतं. माघाचं हिव, कवेलूच्या घरातली शेणानं सारवलेली जमीन, दुपारीसुद्धा तिथं गारठा. पिल्लू आधी ओरडत होतं, मग थांबलं. भुऱ्या त्याच्या डोक्याशी उभा राहून कुंई कुंई करायला लागला. ते ऐकून शोभा उठली आणि त्या खोलीत गेली. शकुबाई राखेच्या हातानं मागे धावल्या.

"हात नको लावू त्याले."

त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला. शोभा वाकलेली होती, तशीच थांबली.

"गार पडून राह्यलं, आई."

"मानसाचा वास लागला तं माय घेत नाई. येईन ते. वाट पाह्य जराशी."

"वाट पाहून काय होईन?" शोभा म्हणाली. "तवरोक मरून जाईन हे."

आणि तिनं ते उचललं. पदराखाली, पोटाशी धरलं आणि उंबऱ्यावर बसून दोन बोटांनी त्याची पाठ चोळायला लागली, पार एखाद्या वॉर्डातल्या आयासारखी. बेबी दुडूदुडू चालत तिच्याजवळ आली आणि पदरात डोकावून पाहायला लागली. शोभा म्हणाली, "माह्या माहेरी दर सालाले व्यायते मांजर. आमी उचलतोच. वासबिस काई नसते. माय येते. पोटची हायेत ना तिची, येईन नाई तं काय."

शकुबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. हाताची राख लुगड्याला लागली ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"बेबीले ताप आलता कधी?" त्यांनी विचारलं.

"आलता ना. लगन झालं अन् आठव्या दिवशी. अंगावरची हळद नोती उतरली माह्या. हळदीच्या अंगानं गावाबाहेर नाई निंघावं म्हनते. सासूबाई म्हनल्या, उद्या हळद उतरली का जाजो, एका दिवसानं काय होते."

"मंग?"

"मंग काय. हे गेलते हिंगनघाटले. पोरीले उचललं, रोडवर आली, ट्रकले हात दाखवला. समुद्रपूरच्या दाक्तरनं निमोनिया सांगतला. घरी आली तं आठ दिवस कोनी बोललं नाई माह्यासंग." तिनं पिल्लाला डाव्या बाजूचं उजव्या बाजूला घेतलं. "मी म्हनलं, नका बोलू."

आज भाजी काय केली हे सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. तिच्या मते त्यात सांगण्यासारखं फारसं नसावं.

शकुबाई हळूहळू खाली बसल्या. उंबऱ्याच्या या टोकाला त्या, त्या टोकाला शोभा, मध्ये बेबी.

"मी थांबली होती," शकुबाई म्हणाल्या. "नलूच्या टायमाले. बारशासाठी थांबली. ताप कायचा हाये हे मले मालूम होतं. हात लावल्याबरोबर समजलं होतं मले."

चौदा महिन्यांत हे त्यांनी नत्थूजींनाही सांगितलं नव्हतं. शोभानं त्यांच्याकडे पाहिलं. तुमचा काय दोष, असं ती म्हणाली नाही. देवाची मर्जी, असंही म्हणाली नाही. थोडी सरकली आणि शकुबाईंना टेकायला चौकट मोकळी करून दिली. पदरातलं पिल्लू आधी हललं, मग बारीक ओरडलं. बेबी हसली.

"ऊठ," शकुबाई म्हणाल्या. "पाट मांडतो. बस चुकन तुमची."

ओटी पदरात भरतात आणि पदरात पिल्लू होतं. शोभानं इकडेतिकडे पाहिलं, बाजेपाशी गेली आणि कुणाला न विचारता गोधडीची घडी उलगडली. शकुबाईंनी नलूच्या मागं घातलेली घडी. नको म्हणायला त्यांचं तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. शोभानं गोधडीत खळगा केला, पिल्लू त्यात ठेवलं, वरून एक टोक पांघरलं आणि पाटावर येऊन बसली.

शकुबाईंनी कुंकू लावलं. तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. नत्थूजी आणि प्रभाकरराव दारात उभे होते. आनंदाबाई कुंपणावरून मान काढून बघत होत्या, त्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम नव्हे, पण शकुबाई जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "हे माही लेक हाये." आवाज कापला नाही. डोळे कोरडेच होते. शब्द निघाला तो मात्र उसना नव्हता, हे त्यांचं त्यांना कळलं. प्रभाकररावांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि बसची वेळ झाली म्हणून पुन्हा सांगितलं.

निघताना नत्थूजींनी पिशवीत वालाच्या शेंगा आणि सांबाराच्या दोन जुड्या कोंबल्या. बेबी शोभाच्या खांद्यावर झोपली होती. शकुबाईंचा उजवा हात पालथा होऊन तिच्या मानेपर्यंत गेला आणि वीतभर अंतरावर थांबला.

"लावा ना, आई," शोभा म्हणाली.

"निजू दे. पुढच्या खेपेले."

"येतो मी."

"येजो. वाल सरन्याच्या आंदी येजो."

भुऱ्या त्यांच्यामागे सडकेपर्यंत गेला. दोघं नवराबायको फाटकाशी उभी राहिली. मग नत्थूजींनी बायकोच्या खांद्याला हात लावला आणि मागे बोट दाखवलं.

मांजर आली होती. पपईखालून निघाली, अंगण ओलांडून सरळ खोलीत शिरली. दोघंही दाराबाहेर उभे राहिले. मांजर बाजेवर चढली, गोधडीत तोंड घालून पिल्लाला इकडून तिकडून हुंगलं, आणि चाटायला लागली. मग आडवी होऊन त्याला पाजलं. ऊन भिंतीवरून वर सरकलं तरी ती पडूनच होती. शेवटी उठली, पिल्लाची मान दातात धरली आणि दोघांच्या पायांजवळून बाहेर पडली.

"घेतलं," नत्थूजी म्हणाले.

"मानसाचा वास लागला होता तरी?"

"तरी घेतलं. पपईखाली पाचवं घर." ते बादली घेऊन विहिरीकडे गेले. वाल सकाळपासून तहानलेला होता.

शकुबाई खोलीत गेल्या. बाजेजवळ उभ्या राहिल्या. गोधडीत मघाचा खळगा तसाच होता, त्यात दोनचार पांढरे केस. बाहेर बादली विहिरीत आपटल्याचा आवाज आला. त्यांनी उजवा हात पालथा केला आणि खळग्यात ठेवला. गोधडी ऊन होती. त्यांनी हात उचलला, परत ठेवला, आणि खूप वेळ तसाच राहू दिला. तापाची नव्हती, साधी ऊब होती.